नाव आणि नावाची वस्तू : आकडेवारीच्या भाषेतला एक जुना प्रश्न



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की आपण चुकून दुसऱ्याच व्याख्यानाला आलो. मालिका विचारांची, आणि विषय मात्र संगणकावर आकडेवारी करताना चलांची नावं कशी वापरायची हा! पण हा विषय आमच्याच अंगणातला आहे. शब्द उच्चारला की नेमकं काय हाती लागतं, नाव आणि वस्तू यांचं नातं काय, हा प्रश्न आपल्याकडे वैयाकरण आणि नैयायिक यांनी शतकानुशतकं चघळला. आज आपली नातवंडं तोच प्रश्न रोज संगणकासमोर बसून सोडवत असतात. फक्त तो प्रश्न आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि वसई-विरारला बसून हा विषय बोलायचा तर उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव पुरेसं आहे.

दोन आकडे ऐका. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती ८१,३१,८४९. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या आहे ८०,७०,०३२. दोन्ही आकडे खरे. दोन्ही ओळींवर नाव एकच, 'ठाणे'. आता एखाद्या विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहिला, की दोन्ही तक्ते जिल्ह्याच्या नावावरून जुळव आणि दहा वर्षांतली वाढ काढ. यंत्र नाव जुळवतं, वजाबाकी करतं आणि सांगतं, की ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ६१,८१७ ने घटली.

ज्याने त्या दहा वर्षांत कल्याणहून किंवा विरारहून सकाळची लोकल पकडली आहे, तो हे ऐकून हसेल. प्रत्यक्षात २०११ मध्ये ठाणे जिल्हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. १,१०,६०,१४८ माणसं. वाढ ३६ टक्के. मग घट कुठून आली? १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि २०११ च्या हिशेबाने २९,९०,११६ माणसं त्याच्याबरोबर गेली. नाव मात्र मागे राहिलेल्या भागाकडेच राहिलं. यंत्राने बेरीज-वजाबाकी बरोबर केली. चूक नावात होती, आणि नावं तपासायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आज आम्हाला टीका करायची आहे ती या नाव-जुळवणीच्या सवयीवर. आणि ती सवय लावणाऱ्या साधनावरही, म्हणजे 'आर' या संगणकभाषेवर. आर निवडली, कारण आकडेवारीच्या क्षेत्रात ती घराघरांत पोचली आहे, फुकट मिळते आणि नावांच्या बाबतीत तिच्याइतकी हुशार आणि तिच्याइतकी लाडावलेली भाषा दुसरी क्वचितच असेल.

आधी तिची बाजू मांडू. नावाने काम करणं ही वाईट गोष्ट आहे असं आमचं म्हणणं मुळीच नाही. नाव नसेल तर राहतो क्रमांक. 'सातव्या स्तंभाची बेरीज कर' असं सांगितलं, आणि उद्या कुणी मध्ये एक स्तंभ घुसवला, की सातवा आठवा होतो. यंत्र मुकाट्याने दुसऱ्याच स्तंभाची बेरीज करून देतं. नाव जागा बदलली तरी टिकतं, हा त्याचा मोठा गुण. शिवाय माणूस वाचू शकतो. सहा महिन्यांनी आपलंच काम उघडलं तर 'साक्षर' हा शब्द काही सांगतो, 'स्तंभ ७' काहीच सांगत नाही.

आरची पूर्वज भाषा 'एस'. ती बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवली. पुढे १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर तयार केली. हेतू असा, की अभ्यासकाने आकड्यांशी बसून बोलावं. एक आज्ञा द्यावी, उत्तर बघावं, पुढची द्यावी. त्यामुळे भाषेत एक विलक्षण सोय आली. आरमधल्या एखाद्या क्रियेला आपण चल दिला, तर ती क्रिया त्याची किंमत तर पाहतेच, पण हवं तर त्याचं नावही पाहू शकते. आपण आलेख काढतो तेव्हा अक्षांवर चलांची नावं आपोआप उमटतात, ती यामुळेच. बहुतेक संगणकभाषांमध्ये क्रियेच्या दारातून आत फक्त वस्तू जाते, नाव बाहेर चपलांबरोबर राहतं. आरमध्ये नावही आत येऊ शकतं.

इथे आमचा विषय सुरू होतो. शब्दाचे दोन उपयोग असतात. 'पाणी आण' म्हटलं तर मुलगा तांब्या भरून आणतो. 'पाणी लिही' म्हटलं तर तो पाटीवर दोन अक्षरं काढतो. पाटी कुणी ओली करत नाही. पहिल्या वाक्यात शब्द वस्तूसाठी आला, दुसऱ्यात शब्द स्वतःसाठीच आला. आपण हा फरक इतक्या सहज करतो, की केला हेही कळत नाही.

पाणिनीला मात्र कळलं होतं. कारण तो व्याकरण लिहीत होता, आणि व्याकरणात ही गल्लत परवडत नाही. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातल्या पहिल्या पादाच्या ६८ व्या सूत्रात तो याचा नियमच घालून देतो. त्याचा आशय असा, की या शास्त्रात शब्द आला तर तो आपलं स्वतःचं रूप दाखवतो, अर्थ दाखवत नाही. अपवाद फक्त शास्त्राने स्वतः ठरवलेल्या संज्ञांचा. 'अग्नी'ला अमुक प्रत्यय लावा असं सूत्र आलं, तर प्रत्यय 'अग्नी' या शब्दाला लावायचा, चुलीतल्या निखाऱ्याला लावता येत नाही. पण 'वृद्धी' ही ठरवलेली संज्ञा आली, तर तिथे 'वृद्धी' हे अक्षररूप घ्यायचं नाही. तिच्या व्याख्येत जे बसवलं ते, म्हणजे आ, ऐ, औ हे स्वर घ्यायचे.

संगणकावर काम करणाऱ्या तरुण श्रोत्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. अवतरणचिन्हात लिहिलेला शब्द म्हणजे स्वतःचं रूप दाखवणारा शब्द. अवतरणाशिवाय लिहिलेला शब्द म्हणजे संज्ञा, तिच्या पोटात जे ठेवलं ते दाखवणारी. संस्कृतात 'इति' लावून जे काम होतं, ते इथे अवतरणचिन्ह करतं. एवढं एक सूत्र पाळलं तर नावांचा निम्मा गोंधळ संपतो. पण आर हे सूत्र सगळीकडे सारखं पाळत नाही, आणि ही आमची तिच्यावरची पहिली टीका.

उदाहरण जनगणनेचंच घेऊ. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात स्तंभांना आखूड नावं दिलेली असतात. 'पी_लिट' म्हणजे साक्षर व्यक्ती, 'पी_एसटी' म्हणजे अनुसूचित जमातीच्या व्यक्ती, 'पी_इल' म्हणजे निरक्षर. समजा, विद्यार्थ्याला एकामागून एक अनेक स्तंभांची बेरीज हवी आहे. तो 'स्तंभ' नावाचा एक चल करतो आणि त्यात 'पी_लिट' हे नाव ठेवतो. मग तक्त्यापुढे डॉलरचं चिन्ह काढून 'स्तंभ' लिहितो. त्याच्या मनात असतं, की 'स्तंभ'मध्ये जे नाव ठेवलंय तो स्तंभ दे. आर मात्र डॉलरच्या पुढचा शब्द अवतरणात असल्यासारखा वाचते आणि 'स्तंभ' याच नावाचा स्तंभ शोधते. असा स्तंभ नाहीच. तेच त्याने दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं असतं, तर आरने आधी चलाच्या पोटात डोकावून पाहिलं असतं आणि मग योग्य स्तंभ दिला असता. म्हणजे एकाच तक्त्यात शिरायचे दोन दरवाजे. एकावर 'पाणी लिही' चालतं, दुसऱ्यावर 'पाणी आण'. आणि दारावर पाटी नाही.

बरं, स्तंभ सापडला नाही तर आर ओरडते का? नाही. साध्या तक्त्यात डॉलरने मागितलेला स्तंभ नसेल तर ती गुपचूप एक रिकामी वस्तू हातात ठेवते. त्या रिकाम्या वस्तूची बेरीज केली की उत्तर येतं शून्य. साक्षर किती? शून्य!

इथे आमच्यातला नैयायिक उठून उभा राहतो. अभाव सांगताना कशाचा अभाव ते सांगावं लागतं. त्याला शास्त्रात प्रतियोगी म्हणतात. 'या गावात साक्षर माणूस नाही' हा एक अभाव. 'या तक्त्यात साक्षरांचा स्तंभ नाही' हा दुसरा अभाव. पहिला गावाबद्दल बोलतो, दुसरा आपल्या कागदाबद्दल. दोन्हींना एकच शून्य देणारं यंत्र नम्र असेल, प्रामाणिक नाही. अलीकडच्या 'टिबल' या सुधारित तक्त्यात असा स्तंभ मागितला तर निदान इशारा तरी मिळतो. मूळ तक्ता मात्र अजून गप्पच राहतो.

दुसरी टीका अर्धवट नावांवर. डॉलरच्या पुढे पूर्ण नाव नाही लिहिलं तरी आर चालवून घेते. 'पी_एल' एवढंच लिहिलं आणि त्या अक्षरांनी सुरू होणारा एकच स्तंभ असला, तर ती 'पी_लिट' काढून देते. एकेक अक्षर टंकायचा त्रास होता त्या काळातली ही सोय असावी. पण परिणाम बघा. घरात 'शां' एवढी हाक मारली की शांता यायची, कारण त्या अक्षराची ती एकटीच. घरात शांभवी नावाची सून आली. आता 'शां' म्हटलं की कोणीच येत नाही. आरमध्ये नेमकं हेच होतं. उद्या कुणी तक्त्यात 'पी_लँड' असा स्तंभ जोडला, की काल चालणारा प्रोग्राम आज रिकामी वस्तू देतो, आणि पुन्हा बेरीज शून्य. प्रोग्राममधलं एकही अक्षर बदललेलं नाही. शेजारी नवीन माणूस आला, एवढंच.

तिसरी टीका थोडी नाजूक आहे, कारण ती लोकप्रिय गोष्टीवर आहे. आजकाल 'डीप्लायर' नावाच्या संचाने काम करतात. त्यात स्तंभाचं नाव अवतरणाशिवाय, थेट लिहिता येतं. वाचायला फार गोड. यंत्र ते नाव आधी तक्त्यात शोधतं, तिथे नसेल तर बाहेर, आपण आधी केलेल्या चलांमध्ये शोधतं. आता तक्त्यात 'पी_एसटी' नसेल आणि सकाळी दुसऱ्या कामासाठी केलेला त्याच नावाचा चल बाहेर पडून असेल, तर तो उचलला जातो. घरात मीठ नव्हतं म्हणून शेजारून आणलं, आणि आणलेली वाटी साखरेची निघाली. करणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणून त्यांनी 'डॉट-डेटा' आणि 'डॉट-एन्व्ह' अशी दोन सर्वनामं दिली आहेत, 'तक्त्यातलं' आणि 'बाहेरचं' असं स्पष्ट म्हणण्यासाठी. सोय आहे. वापर मात्र शिकवावा लागतो, आणि बहुतेक वर्गांत तो शिकवला जात नाही.

आता विद्यार्थ्यांच्या एका लाडक्या सवयीकडे येऊ. तक्ते अनेक असले की ते वर्षागणिक चल करतात. 'ठाणे_२००१', 'ठाणे_२०११', 'नाशिक_२००१' अशी रांग. मग फेऱ्यात जिल्हा आणि वर्ष चिकटवून नाव तयार करायचं, 'असाइन' म्हणून वस्तू त्या नावाखाली ठेवायची आणि 'गेट' म्हणून परत मागायची. चालतं. पण यात काय घडलं? 'ठाणे_२०११' हे नाव राहिलंच नाही. ते नावाच्या वेशातलं वाक्य झालं. त्यात जिल्हा आहे, वर्ष आहे, म्हणजे माहिती आहे, आणि ती माहिती अशा जागी कोंबली आहे जिथे यंत्र ती वाचू शकत नाही. 'सगळी २०११ ची द्या' म्हटलं तर यंत्राला नावांची अक्षरं फोडावी लागतात. हॅडली विकहॅम यांनी २०१४ च्या आपल्या निबंधात नीटनेटक्या तक्त्याचे नियम मांडले, तेव्हा अव्यवस्थित तक्त्यांच्या नेहमीच्या दोषांत स्तंभांच्या शीर्षकात माहिती भरणं हा दोष त्यांनी पहिलाच घेतला आहे. चलांच्या नावांनाही तोच न्याय लागू. वर्षाला स्वतःचा स्तंभ द्या, जिल्ह्याला स्वतःचा. किंवा सगळे तक्ते एका यादीत ठेवा. गोण्या वेगवेगळ्या खोल्यांत लपवून, खोल्यांची नावं पाठ करत बसू नका.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. पण समजा आपण सगळं बरोबर केलं, अवतरणं बरोबर, कंस बरोबर, यादी बरोबर, तरी सुरुवातीचं ठाणे सुटतं का? सुटत नाही. कारण तिथे नाव अक्षरशः बरोबरच होतं. आमच्या मते खरा धोका हा आहे.

महाराष्ट्रातच याचे चार प्रकार सापडतात.

पहिला प्रकार : वस्तू तीच, नाव बदललं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ मध्ये, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुना आणि नवा तक्ता नावावरून जुळवला तर हे जिल्हे जुळत नाहीत. फ्रेगेने १८९२ मध्ये पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा यांचं उदाहरण दिलं होतं. एकच शुक्र, नावं दोन. हा प्रकार त्यातल्या त्यात सोज्वळ, कारण ओळ रिकामी राहते आणि डोळ्यांना दिसते.

दुसरा प्रकार : नाव एक, वस्तू दोन. २०११ च्या जनगणनेत देशात ६४० जिल्हे होते. त्यात औरंगाबाद दोन, एक आपला आणि एक बिहारचा. आपल्या रायगडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत असं केलं, की तो छत्तीसगढच्या रायगढचा जुळा भाऊ झाला. देशभराचे दोन तक्ते नुसत्या जिल्ह्याच्या नावाने जोडले, की दोन औरंगाबाद आणि दोन औरंगाबाद यांच्या चार ओळी होतात. त्यातल्या दोन ओळींत बिहारची माणसं आणि मराठवाड्याचे आकडे.

तिसरा प्रकार : अनेक नावं विरून एक झालं. हे आपलंच. २००१ च्या तक्त्यात वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा, विरार अशा नगरपरिषदांच्या वेगळ्या ओळी आहेत. ३ जुलै २००९ ला महानगरपालिका झाली आणि २०११ च्या तक्त्यात वसई-विरार शहर अशी एकच ओळ आली, बारा लाखांवर माणसांची. त्यात आजूबाजूची गावंही शिरली. नालासोपारा किती वाढलं, हे २०११ च्या तक्त्याला नालासोपाऱ्याच्या नावाने विचारता येत नाही.

आणि चौथा प्रकार, सर्वांत घातक : नाव तेच राहिलं, वस्तू बदलली. म्हणजे ठाणे. इथे काहीच रिकामं राहत नाही, काही दुप्पट होत नाही, यंत्र कुरकुरत नाही. उत्तर येतं आणि ते छापलं जातं.

यात पणाला काय लागतं? २०११ च्या अखंड ठाणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. जिल्हा विभागल्यावर त्याच २०११ च्या आकड्यांनी पालघरचं प्रमाण सुमारे ३७ टक्के आणि उरलेल्या ठाण्याचं ५ टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे ते १४ टक्के ना जव्हार-मोखाड्याचं वर्णन करत होते, ना डोंबिवलीचं. आता कुणी जुनं 'ठाणे' आणि नवं 'ठाणे' एका रेषेत मांडलं, तर आलेख सांगेल की आदिवासी लोकसंख्या १४ वरून ५ टक्क्यांवर आली. स्थलांतर झालं का, योजना कमी कराव्यात का, अशी चर्चा सुरू व्हायला असा एक आलेख पुरतो. माणसं आपापल्या पाड्यावर आहेत तिथेच आहेत. फक्त त्यांच्यावरचं नाव सरकलं.

स्तंभांच्या नावांची कथा वेगळी नाही. 'पी_इल' म्हणजे निरक्षर, असं आम्ही मघाशी म्हणालो. पण जनगणनेत सात वर्षांखालचं प्रत्येक मूल साक्षरांच्या बाहेर धरतात. म्हणून या स्तंभात दुपट्यातली बाळंही आहेत. साक्षरतेचं अधिकृत प्रमाण सात वर्षांवरच्या लोकसंख्येवर काढतात. ते न जाणता साक्षर भागिले एकूण असं केलं तर प्रत्येक गाव आहे त्यापेक्षा अडाणी दिसतं, आणि जिथे लहान मुलं जास्त तिथे आणखी अडाणी. 'एचएच' ही अक्षरं एका स्तंभात कुटुंबांची संख्या सांगतात आणि दुसऱ्या स्तंभात घरगुती उद्योगातले कामगार. आणि 'नॉन_वर्क' म्हणजे काम न करणारे! जनगणनेच्या व्याख्येत घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणं हे काम आहे, पण स्वयंपाक, पाणी, मुलं, म्हातारी माणसं हे काम नाही. पहाटेपासून उभी असलेली बाई या स्तंभात 'काम न करणारी' म्हणून बसते. आपल्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे तिच्या उलट आहे. हाती सोनं, आणि नाव कथलाचं.

यावर उपाय आमच्या शास्त्रात सापडतो. मिथिलेत गंगेशोपाध्यायांच्या 'तत्त्वचिंतामणी'पासून जो नव्यन्याय बहरला, त्याचा आग्रह असा, की कोणताही धर्म सांगताना तो कशाने मर्यादित झाला आहे तेही सांगा. त्या मर्यादेला 'अवच्छेदक' म्हणतात. नव्यन्यायाची भाषा यामुळे इतकी लांबलचक झाली, की विद्यार्थी पळून जात. पण संगणक पळत नाही. लांब विधानांचा त्याला कंटाळा नाही. म्हणून जी शिस्त माणसांना जड गेली, ती यंत्राकडून करून घेणं सोपं आहे. 'ठाणे' एवढं म्हणू नका. कोणत्या वर्षाच्या हद्दीने मर्यादित ठाणे? आणि जिल्हा, तालुका की शहर? हे विचारायलाच हवं. २०११ च्या मूळ तक्त्यात 'पालघर' शोधलं तर जिल्हा सापडणार नाही, कारण तो तेव्हा नव्हता. पण तालुका सापडेल, सुमारे साडेपाच लाखांचा. तोच जिल्हा समजून पुढे गेलात तर २४ लाख माणसं हिशेबातून गळाली.

अवच्छेदक लिहायचा, पण नावाला चिकटवून नव्हे. त्यासाठी वेगळे स्तंभ हवेत : वर्ष, पातळी, संकेतांक. २०११ मध्ये ठाण्याचा जिल्हा संकेतांक ५१७ होता, महाराष्ट्राचा २७. तक्ते जोडायचे ते या तिघांवरून, नाव फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी. जुन्या-नव्या हद्दींचं एक जुळणी-पत्रक वेगळं ठेवा. अखंड ठाण्यात १५ तालुके होते. त्यातले आठ पालघरकडे गेले : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. या तालुक्यांची २०११ ची बेरीज केली की जो जिल्हा तेव्हा नव्हता, त्याचाही आकडा मिळतो. आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला तपासणी बसवा : हवे ते स्तंभ आहेत का, एका संकेतांकाची एकच ओळ आहे का, नसेल तर थांब. यंत्राला बोलायला शिकवणं आपल्या हातात आहे.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे घेतो.

एका श्रोत्याने विचारलं, मग नावं टाकून नुसते संकेतांक का वापरू नयेत? कारण संकेतांक हेही नावच आहे. ५१७ या अंकात ठाणेपण काहीच नाही. २००१ मध्ये जिल्ह्याचा अंक वेगळा होता. 'कोणत्या जनगणनेचा ५१७' हे सांगितलं नाही तर तोही उद्या फसवेल. संकेतांकाचा फायदा इतकाच, की तो वाचून आपल्याला खोटी ओळख वाटत नाही. 'ठाणे' वाचलं की आपण म्हणतो, अरे, हे तर आपलं ठाणे. आणि ओळखीच्या माणसाची झडती कोण घेतो?

दुसऱ्या एका बाईंचा प्रश्न होता, की यंत्र फसतं म्हणून माणसांनी नावं बदलावीत का? शास्त्रज्ञांना ते करावं लागलं आहे. काही मानवी जनुकांची नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती. एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. व्यवहार म्हणून ते ठीक. पण जनुकाचं नाव प्रयोगशाळेत ठेवलेलं असतं, गावाचं नाव तसं नसतं. लोक आपल्या गावाला ज्या नावाने हाक मारतात तेच ठेवावं आणि सावध राहण्याचं काम तक्ता करणाऱ्याने करावं.

जाता जाता एक तारीख लक्षात ठेवा. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. पालघर जिल्हा जनगणनेच्या तक्त्यात जिल्हा म्हणून पहिल्यांदा तेव्हा येईल. त्याच्या शेजारी २०११ चा रकाना मांडायची घाई सगळ्यांना असेल, वर्तमानपत्रांना, कार्यालयांना आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही. त्या रकान्यात काय भरलं जातं यावर पाणी, दवाखाने, आश्रमशाळा यांच्या मागण्यांचे हिशेब उभे राहतील. तेव्हा कुणीही 'ठाणे' किंवा 'पालघर' असं नुसतं नाव पुढे केलं, तर एकच प्रश्न विचारा : कोणत्या हद्दीचं?